जादूची कादंबरी मुलाच्या हाती देण्याआधी: सीमाभागातल्या ख्रिस्ती घरांसाठी वाचनाची रीत

जादू असलेली कादंबरी ख्रिस्ती मुलानं वाचावी का, याचं उत्तर मुखपृष्ठ पाहून देता येत नाही. पुस्तक वाचावं लागतं, आणि काय शोधायचं हे ठरवून वाचावं लागतं. खालची रीत आईवडिलांसाठी, संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी आणि चर्चच्या कपाटातली पुस्तकं सांभाळणाऱ्यांसाठी आहे.

परदेशात लिहिलेला या विषयावरचा सल्ला बेळगाव, खानापूर, निपाणीकडे जसाच्या तसा चालत नाही. तो जिथे लिहिला जातो तिथे बहुतेकांच्या लेखी जादू गोष्टीतच असते. आपल्या गल्लीत करणी, भानामती, मूठ, उतारा हे शब्द रोज कानावर पडतात. तिकाटण्यावर हळद-कुंकू लावलेलं लिंबू पडलेलं दिसलं तर पोर वळसा घालून जातं, आणि ख्रिस्ती घरातलं पोरही जातं. त्यामुळे कादंबरीतल्या मंत्राबद्दल बोलताना आपल्याला दोन गोष्टींचं भान लागतं: पुस्तकातली जादू आणि दाराबाहेरची भीती. पहिलीबद्दल बोलून दुसरीबद्दल गप्प बसलं, तर मुलाला वाटतं की घरचे खऱ्या गोष्टीला घाबरतात म्हणून बोलत नाहीत.

पवित्र शास्त्र नेमकं काय मना करतं

सुरुवात जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या 18:10-12 पासून करा. तिथली यादी कृतींची आहे: मुलांचा होम करणं, शकुन-मुहूर्त पाहणं, मंत्रतंत्र, वशीकरण, मेलेल्यांना विचारणं. लेवीय 19:31 तेच सांगतं. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात चेटकं देहाच्या कर्मांत मोजली आहेत. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचे 2115 ते 2117 हे परिच्छेद भविष्य पाहणं आणि जादूटोणा दोन्ही नाकारतात, आणि ताईत घालणंही निषिद्ध मानतात. या जागांवर बोट ठेवून मुलाला सांगा की मनाई करण्याला आहे: देवाला बाजूला सारून ज्ञान किंवा सत्ता मिळवायला जाण्याला.

जादूची हकीगत सांगणं या यादीत नाही. शास्त्र स्वतःच ती सांगतं. निर्गमाच्या सातव्या-आठव्या अध्यायांत फारोचे जादूगार काठीचा साप करतात, पाण्याचं रक्त करतात, बेडूक आणतात, आणि तिसऱ्या पीडेपाशी हात टेकतात. 1 शमुवेल 28 मध्ये शौल राजा वेश बदलून रात्री मेलेल्यांना बोलावणाऱ्या एन-दोरच्या बाईकडे जातो. या हकीगतींत जादू दिसते, पण ती करणाऱ्याचं शेवटी काय होतं हेही दिसतं.

प्रेषितांची कृत्ये 19 वर मात्र थोडं थांबा, कारण पुस्तकं जाळा म्हणणारे हाच अध्याय दाखवतात. इफिसमध्ये जी पुस्तकं जाळली ती जादू करणाऱ्यांनी स्वतः आणून जाळली. ती कामाची पुस्तकं होती: मंत्र, नावं, विधी यांची. इफिस शहर अशा मंत्राक्षरांसाठी त्या काळी प्रसिद्धच होतं. त्यांची किंमत 50,000 रुप्याची नाणी भरली, आणि तसं एक नाणं म्हणजे साधारण मजुराचा एक दिवसाचा पगार. लोकांनी आपला धंदा आणि आपली भीती आगीत टाकली. याचा आजच्या कपाटाला लावायचा अर्थ सरळ आहे. जे पुस्तक वाचणाऱ्याला विधी शिकवतं (पत्ते मांडून भविष्य कसं पाहावं, आत्मा कसा बोलवावा, वशीकरण कसं करावं) ते घरात नको. जे गोष्ट सांगतं ते तपासायचं.

चाळणी: मत्तय 4

तपासायला बऱ्याच जणांकडे लांबलचक प्रश्नावल्या असतात. आमच्या मते एकच अध्याय पुरतो. अरण्यात येशूसमोर सैतान तीन गोष्टी ठेवतो, आणि तिन्ही ठिकाणी प्रश्न शक्तीचाच आहे. धोंड्यांच्या भाकरी कर: शक्ती स्वतःच्या भुकेसाठी. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक: शक्ती दाखवण्यासाठी. पाया पड, सगळी राज्यं देतो: शक्ती राज्य करण्यासाठी, आणि ती मिळवायला कुणापुढे तरी वाकायचं. येशू तिन्ही नाकारतो, आणि त्याच हातांनी पुढे आजारी बरे करतो.

कादंबरीतल्या प्रत्येक जादूला हे तीन प्रश्न लावा. ती कुणाच्या भुकेसाठी वापरली? दाखवायला वापरली का? ती मिळवायला कोण कुणापुढे वाकलं? मग चौथा प्रश्न: शेवटी काय भरावं लागलं? ज्या गोष्टीत नायक मेलेल्यांना बोलावतो, रक्त वाहतो, कुठल्यातरी काळ्या सत्तेला शब्द देतो आणि त्याचं त्याला बक्षीस मिळतं, ती गोष्ट चाळणीत अडकली. तेच सगळं खलनायक करतो आणि त्यानं तो आतून कुरतडला जातो असं लेखक दाखवत असेल, तर ती गोष्ट एन-दोरच्या हकीगतीच्या जवळची आहे.

आणखी एक फरक पाहावा लागतो. काही कथांत जादू म्हणजे त्या जगाचा निसर्गच असतो: प्राणी बोलतात, झाडं चालतात, एखाद्या जमातीला जन्मजात काही येतं. तिथे कुणी कुणाला हाक मारत नाही. याची फार काळजी करू नये. काळजी हाक मारून आणलेल्या शक्तीची करावी.

वही कशी करायची

साधी शंभर पानी वही घ्या, एका पानावर चार रकाने आखा: पान क्रमांक, काय घडलं, शक्ती कुणाची आणि कशासाठी, शेवटी काय झालं. 400 पानांची कादंबरी पूर्ण वाचायला सवड नसेल तर पहिली तीन प्रकरणं, पहिली मोठी जादू जिथे येते त्याच्या अलीकडची-पलीकडची वीस पानं, मधलं एखादं प्रकरण आणि शेवटची दोन प्रकरणं पूर्ण वाचा. शेवट सोडू नका. शक्तीची किंमत तिथेच कळते, आणि नुसती पानं चाळणारे लोक नेमका शेवटच सोडतात. दहा-बारा नोंदी झाल्या की लेखकाचा कल दिसायला लागतो.

मालिका असेल तर प्रत्येक भागाची वेगळी वही करा. नायक अकरा वर्षांचा असताना लिहिलेला पहिला भाग आणि तो सतरा वर्षांचा झाल्यावरचा शेवटचा भाग यांत अंधार सारखा नसतो. पहिला भाग वाचून सगळ्याच भागांना होकार दिला की पुढे आठ वर्षांच्या मुलीला रात्री झोप लागत नाही, आणि दोष पुस्तकाला जातो.

नमुन्यासाठी परकं पुस्तक कशाला, वेताळपंचविशीची बाहेरची गोष्ट घ्या, म्हणजे बाकीच्या गोष्टी जिच्यात गुंफल्या आहेत ती. घरोघरी माहीत आहे. योगी राजाला स्मशानातल्या झाडावरचं प्रेत आणायला सांगतो. पहिली नोंद: शक्ती मेलेल्यांच्या वाटेनं, सिद्धी योग्यासाठी. मग वेताळ राजाला सावध करतो की योगी तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल आणि तू वाकलास की तुझं डोकं उडवेल. राजा योग्याला म्हणतो, नमस्कार कसा घालतात ते आधी दाखवा. योगी वाकतो, आणि त्याचंच डोकं जातं. दुसरी नोंद: वाकण्याच्या बदल्यात सत्ता, मत्तयातला तिसरा प्रश्न जसाच्या तसा. तिसरी नोंद मुलं बहुधा विसरतात: योग्याला जे ऐश्वर्य हवं होतं ते शेवटी राजाला मिळतं. इथे थांबून विचारा, राजा वाचला हे बरं झालं, पण बळी देऊन मिळणारी गोष्ट त्यानं घेतली ती चालेल का? आठवीतली मुलं यावर अर्धा तास भांडतात, आणि ते भांडण त्यांना पुढच्या प्रत्येक कादंबरीत उपयोगी पडतं.

इंग्रजीतली गाजलेली पुस्तकंही याच वहीत बसतात. टॉल्किनच्या अंगठीच्या कथेत ('द लॉर्ड ऑफ द रिंग्ज', 1954-55) चांगल्या माणसांची परीक्षा हीच, की सगळ्यांवर सत्ता देणारी वस्तू हातात असून ती वापरायची नाही. सी. एस. लुईसच्या 1950 च्या कथेत ('द लायन, द विच अँड द वॉर्डरोब') मुलगा चेटकिणीच्या मिठाईला भुलतो, म्हणजे पहिला प्रश्न. हॅरी पॉटरवरून घरोघरी वाद होतात. तिथे दोन्ही बाजू नोंदवा: भविष्यकथन हा शाळेतला विषय आहे हे खरं, आणि शेवटच्या भागात (2007) नायकाच्या आईबापांच्या थडग्यावर 1 करिंथकर 15:26 मधलं वचन कोरलेलं आहे, मृत्यू हा शेवटचा शत्रू, हेही खरं. एकच बाजू सांगितलीत आणि मुलानं दुसरी वाचली, की तुमच्या पुढच्या शब्दाची किंमत गेली.

कुठे चुकतं

लेखक ख्रिस्ती म्हणजे पुस्तक सुरक्षित, असं धरून चालू नका. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी तेही जड असू शकतं. उलट प्रत्येक सिंहात आणि प्रत्येक म्हाताऱ्या जादूगारात ख्रिस्त शोधायची सवयही वाईट. टॉल्किननं स्वतःच्या कथेबद्दल रूपककथा हा शब्द स्पष्ट नाकारला होता. ओढूनताणून अर्थ लावला की मुलाला गोष्टीचाही कंटाळा येतो आणि शास्त्राचाही.

सरसकट बंदी टिकत नाही. कॅम्पातल्या दुकानात पुस्तक मिळालं नाही तर मित्राच्या मोबाईलवर पीडीएफ मिळते, आणि मग मूल ते एकटं वाचतं. आठ वर्षांखालच्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, म्हणजे जड पान आलं की तिथेच थांबता येतं. नऊ ते बारा वयात तेच पुस्तक तुम्हीही वाचा. तेराच्या पुढे वही त्यांच्या हातात द्या.

सगळ्यात जास्त जपायची गोष्ट शेजार. आपण मराठी, कन्नड, कोंकणी बोलणाऱ्या हिंदू, लिंगायत, जैन, मुसलमान घरांच्या मध्ये राहतो. कादंबरीतल्या चेटकिणीबद्दल बोलताना शेजारच्या काकूंची पूजा किंवा गावदेवीची जत्रा उदाहरण म्हणून घेऊ नका. ते सत्याला धरूनही नाही आणि प्रेमाला धरूनही नाही, आणि मूल ते वाक्य दुसऱ्या दिवशी शाळेत नेतं.

येशूनं जादू केली का

हा प्रश्न येणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. योहान 2 उघडा. सहा दगडी रांजण, प्रत्येकात साधारण 80 ते 120 लिटर. नोकर काठोकाठ पाणी भरतात. येशू मंत्र म्हणत नाही, हात फिरवत नाही, रांजणाला शिवतही नाही. भोजनकारभाऱ्याला द्राक्षारस कुठून आला ते ठाऊक नसतं. ठाऊक असतं पाणी काढणाऱ्या नोकरांना. मुलाला त्याच तीन प्रश्नांनी तपासू द्या: स्वतःच्या भुकेसाठी? नाही, दुसऱ्याच्या लग्नासाठी. दाखवायला? वरालाही पत्ता नाही. कुणापुढे वाकून? नाही. मग प्रेषितांची कृत्ये 8 मधला जादूगार शिमोन शेजारी ठेवा, जो पैसे देऊन पवित्र आत्म्याचं सामर्थ्य विकत मागतो. त्याला ते व्यापारासारखं हवं आहे, आणि पेत्र त्याला झिडकारतो.

गोष्ट संपून कृती सुरू झाली तर

कादंबरी वाचून मूल काठी फिरवत मंत्र म्हणतं तेव्हा ते खेळतं आहे. चोर-पोलिस खेळणारं मूल चोर होत नाही. हॉस्टेलवर परीक्षेच्या आधी वाटी फिरवून प्लँचेट करणं, निकाल विचारणं, मोबाईलवर रोजचं भविष्य पाहून मगच घराबाहेर पडणं, हे मात्र अनुवाद 18 च्या यादीत सरळ बसतं. तिथे स्पष्ट शब्दांत थांबवा, कारण सांगा, आणि ओरडू नका. घाबरलेलं मूल पुढच्या वेळी लपवतं. कुणावर खरोखर भीती बसली असेल, झोप उडाली असेल, तर फादर किंवा पाळकांशी बोला आणि डॉक्टरांनाही दाखवा; एकानं दुसरं रद्द होत नाही.

करणी उतरवतो म्हणून कुणी पैसे मागत असेल किंवा अंगाला इजा करत असेल, तर तो कायद्याचा विषय आहे. कर्नाटकात अमानुष अनिष्ट प्रथा आणि काळी जादू यांविरुद्धचा 2017 चा कायदा 2020 पासून लागू आहे, महाराष्ट्रात 2013 पासून तसा कायदा आहे. पोलीस ठाणं गाठा.

संडे स्कूलचा एक तास

चाळीस मिनिटं धरा. दहा मिनिटं कादंबरीतली दोनच पानं मोठ्यानं वाचा, शक्यतो जिथे नायकाला शक्ती वापरायचा मोह होतो ती. पंधरा मिनिटं तीन प्रश्न. दहा मिनिटं मत्तय 4:1-11, मुलांकडूनच वाचून घ्या. उरलेली पाच प्रार्थनेला, आणि ज्याला काही भीती वाटते त्यानं नंतर एकट्यानं येऊन सांगावं असं सांगून ठेवा. वर्गात पुस्तकाची भाषा इंग्रजी असली तरी चर्चा मराठीत होऊ द्या. मूल घाबरतं तेही मराठीत. पंधरापेक्षा जास्त मुलं असतील तर दोन गट करा, नाहीतर मोठीच बोलतात आणि ज्या लहानग्याला रात्री दचकून जाग येते तो गप्प राहतो.

जे पुस्तक चाळणीत अडकलं ते समारंभानं फाडू-जाळू नका. वाचनालयाचं असेल तर वेळेत परत करा, मुलाचं स्वतःचं असेल तर वहीतल्या नोंदी त्याच्यासमोर ठेवून दोन-तीन वर्षांनी पुन्हा उघडायचं ठरवा, आणि पहिल्या पानावर पेन्सिलीनं ते साल लिहून ठेवा.