गोव्यात सात दिवस: किनारा आणि स्नॉर्केलिंग

ही सुट्टी नोव्हेंबर ते फेब्रुवारीदरम्यान आखावी, कारण पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ असते. मुक्काम काणकोण तालुक्यातील पाळोळे येथे ठेवून पहिले दोन-तीन दिवस अर्धवर्तुळाकार किनाऱ्यावर निवांत घालवावेत. स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे डोळ्यांवर मास्क आणि तोंडात श्वासनळी लावून पाण्यावर तरंगत खालचे दृश्य पाहण्यासाठी, वास्कोजवळच्या ग्रांद बेटाकडे होडीने जाण्याचा दिवस आठवड्याच्या मध्यावर ठेवावा, म्हणजे वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली तरी पुढचा दिवस हाताशी राहतो. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर धरून नाकाने श्वास ओढावा. मास्क चिकटून राहिला, तरच मापाचा समजावा. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून ती समुद्राच्या पाण्याने विसळावी. किळसवाणा वाटला तरी उपाय खात्रीचा आहे. मात्र लक्षद्वीपसारख्या नितळ पाण्याची अपेक्षा येथे ठेवू नये.