एजन्सीला ओळखपत्राची प्रत देण्यापूर्वी

जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत किंवा दीपनगरच्या वीज केंद्रात स्वतंत्रपणे कंत्राटी कामे घेणाऱ्या वेल्डर, वायरमन, ड्राफ्ट्समन यांच्याकडे भरती एजन्सी काम ठरण्याआधीच आधार, पॅन आणि रद्द केलेला धनादेश व्हॉट्सॲपवर मागते. नकार द्यावा तर काम जाण्याची भीती, आणि पाठवावे तर प्रत कुठे फिरेल याचा भरवसा नाही.

१. ‘मायआधार’ संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून घ्यावे. त्यात क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दिसतात, आणि प्राथमिक ओळखीसाठी तेवढे पुरेसे असते. फाइलचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे व जन्मवर्ष यांचा असल्याने त्याला फारसे संरक्षण मानू नये.

२. प्रतीवर, छायाचित्र व नाव वाचता येईल अशा बेताने, एजन्सीचे नाव, कामाचे कारण आणि तारीख तिरपी लिहून सही करावी व मगच तिचा फोटो काढावा. कोपऱ्यातला मजकूर कापून टाकता येतो, म्हणून तो मधूनच जाऊ द्यावा.

३. पॅन आणि बँकेचा तपशील कामाचा आदेश लेखी हाती आल्यावर द्यावा. त्यानंतर मात्र अडवून धरू नये, कारण पॅन नसेल तर देयकातून साधारणतः २० टक्के कर कापला जातो.

गेटपाससाठी मूळ कार्ड दाखवावे लागले तर दाखवावे, पण ते ठेवून येऊ नये; आणि पडताळणीच्या नावाखाली आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये.