बोट लागणाऱ्या कोकणी माणसाने अंटार्क्टिकाला कसं जावं

पहिलंच सांगून टाकते, मला बोट लागते. आजोबा तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, घर देवगडला बंदरापासून पाच मिनिटांवर, आणि तरी होडी जरा डोलली की माझं तोंड पिवळं पडतं. तर जिला विजयदुर्ग किल्ल्याभोवती एक फेरी मारताना मळमळतं ती बाई ड्रेक पॅसेज नावाचा समुद्र पार करून अंटार्क्टिकाला जाऊन आली, म्हणजे तुम्हीही जाल. आल्यापासून लोक फोटो कमी बघतात आणि किती लागले, व्हिसा कुठला, थंडी किती हेच जास्त विचारतात, प्रत्येकाला सांगून जीभ दमली म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. शेजारच्या काकांचा प्रश्न मात्र वेगळाच होता, "राणीच्या बागेत आसत मा पेंग्विन, मगे इतक्या लांब कित्याक?" काका, ते हम्बोल्ट पेंग्विन, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, त्यांचं अंटार्क्टिकाशी काही देणंघेणं नाही.

आणि पांढरं अस्वलही तिथे नाही हो. अस्वल उत्तरेला, पेंग्विन दक्षिणेला, दोघं एकत्र फक्त जाहिरातीत. अस्वल बघायचं असेल तर नॉर्वेच्या स्वालबार्डला उन्हाळ्यात जायचं, तिथे व्हिसा लागत नाही पण वाट नॉर्वेतूनच आहे आणि स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या एकाच व्हिसाच्या हद्दीच्या, बाहेर धरतात, त्यामुळे परतताना पुन्हा एंट्री होते, म्हणून शेंगेन व्हिसा डबल एंट्रीचाच मागा. एवढं सांगून उत्तर ध्रुव संपला, पुढचं सगळं दक्षिणेचं.

बोट निवडताना सगळे आधी केबिनचे फोटो बघतात, आम्हीही तेच केलं, बाल्कनी आहे का, बाथरूम केवढं. चूक. आधी विचारायचं, बोटीवर प्रवासी किती. तिथल्या टूर कंपन्यांची आयएएटीओ म्हणून संघटना आहे, १९९१ पासूनची, तिचे नियम असे की ५०० च्या वर प्रवासी असलेल्या बोटीने माणसं उतरवायचीच नाहीत, आणि एका जागी एका वेळी १०० पेक्षा जास्त जण किनाऱ्यावर नकोत. म्हणजे मोठ्या स्वस्त क्रूझवर गेलात तर पेंग्विन डेकवरून दुर्बिणीतून. शंभर-सव्वाशेची बोट मिळाली तर उत्तम, पावणेदोनशेपर्यंत चालेल, पण मग पाळ्या लागतात, अर्धे खाली आणि अर्धे आपली वेळ येईपर्यंत खिडकीत. केबिन साधी घ्या, तीन जणांत शेअर करा, पण माणसं कमी असलेली बोट घ्या, माझं तरी हेच मत. आणि केबिन खालच्या मजल्यावर, बोटीच्या मधोमध. वरची महागडी बाल्कनीवाली सगळ्यात जास्त हलते, हे मला आजोबांनी शिकवलेलं आणि मी नेमकं बुकिंगच्या वेळी विसरले.

सीझन नोव्हेंबर ते मार्च. नोव्हेंबरात बर्फ कोरा असतो आणि पेंग्विन घरटं बांधायला एकमेकांचे दगड चोरत असतात, डिसेंबरअखेर ते जानेवारी पिल्लं, फेब्रुवारी-मार्चमध्ये देवमासे सगळ्यात जास्त पण तोवर पेंग्विनच्या वसाहतीत चिखल आणि वास विचारू नका. आम्ही डिसेंबरच्या शेवटी गेलो, मी आणि थोरली ताई, वय ६१. रात्री अंधार असा होतच नाही, झोपायला डोळ्यांवर पट्टी न्या.

पैसे. आमचा माणशी खर्च बोटीचाच आठ हजार डॉलरच्या पुढे गेला, विमान वेगळं, टिप वेगळी, इन्शुरन्स वेगळा. तिथून आजारी माणसाला विमानाने काढायचं म्हणजे आयुष्यभराची कमाई, त्यामुळे मेडिकल इव्हॅक्युएशन असलेला इन्शुरन्स नसेल तर बोटीवर घेतच नाहीत, आपल्या नेहमीच्या ट्रॅव्हल पॉलिसीत अंटार्क्टिका वगळलंय का ते बारीक अक्षरात वाचा. भारतातल्या एजंटकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात, तो रिटर्न भरताना जमा धरून घ्यायचा, विसरू नका. वर्ष-दीड वर्ष आधी बुक करा. बोटी सुटतात त्या अर्जेंटिनाच्या टोकाच्या उशुआया बंदरात जाऊन पडायचं आणि शेवटच्या क्षणी स्वस्तात जागा मिळवायची असले व्हिडिओ गोऱ्या पोरांसाठी असतात, आपल्याला व्हिसा काढायचा असतो.

व्हिसा अंटार्क्टिकाचा नाही, अर्जेंटिनाचा, त्यांचं कॉन्सुलेट मुंबईत आहे. आणि सगळे विसरतात ती गोष्ट म्हणजे यलो फीव्हरची लस. अर्जेंटिना, ब्राझील, इथिओपिया हे सगळे आपल्या सरकारच्या यादीत आहेत, तिथून परत येताना कार्ड नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं. लस प्रवासाच्या निदान १० दिवस आधी, एकदा घेतली की जन्मभर चालते. आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना मुंबईपेक्षा गोवा जवळ, वास्कोला मुरगाव बंदराच्या हेल्थ ऑफिसात चौकशी केली. साठीच्या पुढच्यांना द्यायची का नाही ते डॉक्टर ठरवतात, ताईच्या सगळ्या तपासण्या बघून मग हो म्हणाले. त्याच वास्कोत हेडलँड सड्यावर आपलं राष्ट्रीय ध्रुवीय व समुद्र संशोधन केंद्र आहे, अंटार्क्टिकातली मैत्री आणि भारती ही दोन्ही ठाणी तिथूनच चालतात, आणि भारताची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्यातूनच निघाली होती. त्यांच्या जहाजातून जाता येईल का असं ताईने मला विचारलं. नाही येत ताई.

वाट अशी, मुंबईहून ब्युनोस आयर्स, तिथून साडेतीन तासांचं विमान उशुआयाला. ब्युनोस आयर्सला दोन विमानतळ आहेत, एझेइझा आणि आएरोपार्के, एका टोकाला उतरून दुसऱ्या टोकाहून उडायचं असू शकतं, तिकीट काढताना मध्ये एक रात्र ठेवा. उशुआयाला दोन दिवस आधी पोचा, कारण बॅग हरवली तर बोट थांबत नाही. आमच्याबरोबरच्या एका जोडप्याची बॅग आली नाही, सगळी ट्रिप दुसऱ्यांचे स्वेटर घालून केली बिचाऱ्यांनी.

आता ड्रेक. दक्षिण अमेरिकेचं टोक आणि अंटार्क्टिका यांच्यामधला साधारण हजार किलोमीटरचा समुद्र, जाताना दोन दिवस, येताना दोन. तिथे पृथ्वीभोवती वाऱ्याला आडवं यायला जमीनच नाही, त्यामुळे लाटा मोकाट. शांत मिळाला तर ड्रेक लेक म्हणतात, खवळला तर ड्रेक शेक. आम्हाला जाताना लेक आणि येताना असा शेक मिळाला की जेवणाच्या टेबलावरच्या बश्या भिंतीला भेटायला गेल्या. गोळी बोट लागल्यावर नाही, लागायच्या आधी घ्यायची, उशुआयाची बीगल खाडी संपून उघडा समुद्र लागायच्या आधीच. आपल्याकडची अव्होमिन चालते पण झोप आणते, बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर डॉक्टरना विचारूनच. पोट रिकामं ठेवू नका, कोरडं काहीतरी खात राहा, मी सुंठ-गुळाच्या वड्या नेल्या होत्या आणि त्या शेवटी अर्ध्या बोटीने खाल्ल्या. क्षितिजाकडे बघा, नाहीतर सरळ आडवं पडा. चालताना एक हात कायम कठड्याला, आणि दाराच्या फटीत बोटं घालू नका, तिथे बोटं चिरडतात. ड्रेक नकोच असेल तर चिलीच्या पुंता अरेनासहून विमानाने किंग जॉर्ज बेटावर उतरून पुढे बोट असाही प्रकार आहे, पण धुकं आलं की विमान अडकतं, आणि अल्बट्रॉस चुकतो. तीन-साडेतीन मीटर पंखांचा पक्षी एकदाही पंख न हलवता बोटीच्या मागे तासभर, तो बघायला मी गोळीच्या झोपेतून उठून बाहेर गेले.

कपड्यांवर उगाच पैसे उडवू नका, जाड लाल जॅकेट आणि गमबूट बहुतेक कंपन्या देतात, आधी विचारा. उन्हाळ्यात तिथे शून्याच्या आसपासच असतं, लेहला हिवाळ्यात जाऊन आलेल्यांना काहीच वाटणार नाही, त्रास वाऱ्याचा आणि ओलं होण्याचा. आतून थर्मल, वर फ्लीस, आणि सगळ्यात महत्त्वाची वॉटरप्रूफ पँट. हातमोजे दोन जोड्या, पातळ आत, जाड बाहेर. सुती काही नको, भिजलं की वाळत नाही. गॉगल आणि सनस्क्रीन हवंच, बर्फावरून परतलेल्या उन्हाने माझे ओठ सोलून निघाले, आमच्या मे महिन्याला जे जमलं नव्हतं.

उतरायच्या आधी बायोसिक्युरिटी म्हणून एक कार्यक्रम असतो. सगळ्या बॅगा, खिसे, वेल्क्रो व्हॅक्यूमने साफ करून तपासतात, बूट जंतुनाशकात बुडवून घासायचे, प्रत्येक वेळी, जाताना आणि येताना. हसू नका. माझ्या बॅगेच्या वेल्क्रोत कुसळं निघाली, देवगडच्या सड्यावरची, दिवाळीत फिरायला नेली होती तीच बॅग. तपासणाऱ्या मुलीने चिमट्याने एकेक काढलं आणि मला जमिनीत शिरावंसं वाटलं. पण खरंच माणसांबरोबर आलेलं एक परकं गवत किंग जॉर्ज बेटावर रुजलंय. म्हणून घरूनच बॅग धुऊन न्या. २०२३ मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटावर बर्ड फ्लू पोचला, तेव्हापासून किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, बॅगही खाली ठेवायची नाही. खायचं काही न्यायचं नाही, आणि तिकडे संडास नाही, बोटीवरच जाऊन या, चहा बेताने.

बोटीवरून किनाऱ्यावर नेतात ती झोडियाक, रबरी फुगवलेली होडी. चढताना हात हातात नाही, मनगट मनगटात धरायचं, दोन्ही हात मोकळे हवेत, मोबाइल खिशात. काठावर बसून सरकत जायचं, उभं राहायचं नाही. धक्का नसतो, पाय बाहेर टाकून गुडघाभर पाण्यात उतरायचं, याला ते वेट लँडिंग म्हणतात, हर्णैच्या बायका टोपली डोक्यावर घेऊन रोज हेच करतात, फक्त तिथे पाणी बर्फाचं. गुडघे दुखत असतील तर महिनाभर आधी जिने चढउतार करा, मालवणला होडीत चार वेळा चढून उतरून बघा.

आणि रोजचा कार्यक्रम छापील असतो तो मनावर घेऊ नका. एक्स्पिडिशन लीडर सकाळी वारा आणि बर्फ बघून ठरवतो, लमेअर चॅनल बर्फाने बंद झाला की दुसरीकडे वळवतो. आमच्यातले एक गृहस्थ उतरणं रद्द झालं म्हणून त्याच्याशी भांडायला गेले, एवढे पैसे भरलेत वगैरे. आजोबा म्हणायचे, तांडेलाशी वाद नाय घालूचो. त्या दिवशी संध्याकाळी बदली म्हणून जिथे नेलं तिथे हंपबॅक देवमासे तोंड उघडून वर येत होते, क्रिल खात. क्रिल म्हणजे त्यांचा जवळा समजा, जरा मोठा, बोटाएवढा, पेंग्विन, सील, देवमासे सगळे त्यावरच. पेंग्विनची शी गुलाबी असते ती त्यामुळेच. वास थेट सुकटीच्या खळ्याचा, बाकीचे नाक दाबत होते आणि आम्ही दोघी बहिणींना भूक लागली.

पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं, फर सीलपासून त्याहून बरंच जास्त, तो चावतो. पण पेंग्विनला नियम माहीत नसतो, तो आपल्याच अंगावर येतो, तेव्हा हलायचं नाही. बर्फात त्यांच्या ये-जा करून पडलेल्या पायवाटा असतात, त्यात पाय टाकू नका, आपल्या बुटाचा खड्डा त्यांना विहिरीएवढा. जेंटू, चिनस्ट्रॅप, अडेली दिसतात, एम्परर या नेहमीच्या वाटेवर दिसत नाही, त्याचं स्वप्न घेऊन जाऊ नका. कॅमेऱ्याची जादा बॅटरी आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा, थंडीत भराभर उतरते.

डिसेप्शन बेटाला बोट जिवंत ज्वालामुखीच्या तोंडातून आत शिरते आणि तिथे लोक हौसेने त्या पाण्यात उडी मारतात. ताईने मारली. मी टॉवेल धरला. पोर्ट लॉक्रॉयला ब्रिटिशांचं पोस्ट ऑफिस आहे, तिथून घरच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाका, पोचायला महिने लागतात.

वेळ आणि पैसे असतील तर फॉकलंड आणि दक्षिण जॉर्जियाची तीन आठवड्यांची मोठी फेरी घ्या, फॉकलंडच्या व्हिसाचं वेगळं विचारा. दक्षिण जॉर्जियाला सेंट अँड्र्यूज बेमध्ये किंग पेंग्विनच्या दीड लाखाच्या आसपास जोड्या आहेत. अंटार्क्टिकाच्या मोहिमा काढणाऱ्या शॅकल्टनची कबरही तिथेच, ग्रिटव्हिकेनला, १९१६ मध्ये हाच माणूस सहा जणांत जेमतेम २३ फुटी होडीतून एलिफंट बेटाहून तिथवर आला होता, आमच्या बंदरातल्या छोट्या होड्यांएवढी होडी. आम्ही छोटी फेरी घेतली, आता ताई रोज त्या मोठीचं कॅलेंडर काढून बसते.

एक राहिलं. ड्रेकमध्ये बोटीच्या मागे चिमणीपेक्षा थोडा मोठा, काळा, पाठीला पांढरा पट्टा असलेला पक्षी पाण्यावर पाय आपटत नाचतो, विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. तो अंटार्क्टिकात अंडी घालतो आणि तिकडे हिवाळा लागला की उत्तरेला येतो, पावसाळ्यात आपल्या अरबी समुद्रातसुद्धा, पण खोल पाण्यात, किनाऱ्यावरून सहसा दिसत नाही. पुतण्या नारळीपौर्णिमेनंतर ट्रॉलरवर जातो, त्याला फोटो दाखवून ठेवलाय. म्हणाला, "हो? ह्यो तर जाळ्याच्या मागसून येता गो."