लोअरिंग स्प्रिंगा घेण्याआधी शॉकअपची उरलेली चाल मोजा

स्पोर्टी गाडीत चाकाला वर जायला कंपनीनं आधीच बेताची जागा ठेवलेली असते. हीच शॉकअपची चाल. लोअरिंग स्प्रिंगा, म्हणजे आखूड आणि कडक स्प्रिंगा, घालून गाडी 30 मिमी खाली आणली की ते 30 मिमी त्याच जागेतून वजा होतात. म्हणून स्प्रिंगांची ऑर्डर देण्याआधी एक मोजमाप करा. एक टेप आणि एक केबल टाय एवढंच लागतं.

गाडी सपाट जागी चाकांवर उभी करा आणि स्टिअरिंग पूर्ण वळवा, म्हणजे पुढच्या चाकामागे हात जाईल. स्ट्रटवरचा (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब) रबरी बूट वर सरकवला की चकचकीत रॉड दिसतो. त्याच्यावर केबल टाय बांधा. हातानं सरकेल, पण आपोआप घसरणार नाही इतकाच आवळा, आणि खाली शॉकअपच्या बॉडीला टेकवून ठेवा. बॉडीच्या वरच्या टोकापासून बंप स्टॉपच्या (रॉडवर वरच्या बाजूला असलेला, चाल संपताना दबणारा ठोकळा) खालच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. मग नेहमीचा रस्ता, नेहमीचा वेग, नेहमीएवढी माणसं घेऊन 20-25 किमी चालवून या. परत आल्यावर बॉडी आणि टाय यांच्यामधलं अंतर म्हणजे तुमच्या रस्त्यावर शॉकअप जास्तीत जास्त किती दबला ते.

समजा बंप स्टॉपपर्यंत 50 मिमी होते आणि टाय 35 मिमी सरकला. 30 मिमीच्या स्प्रिंगांनंतर मोकळी चाल 20 मिमी उरेल. नवी स्प्रिंग कडक असल्यानं 35 ऐवजी 28-30 लागतील, तरी प्रत्येक मोठ्या खड्ड्यात गाडी बंप स्टॉपवर बसणार. बंप स्टॉप ही स्वतःच एक अतिशय कडक स्प्रिंग आहे. वळणात पुढचं चाक त्याच्यावर बसलं की त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम वाढतो, टायरची पकड सुटते आणि गाडी सरळ ओढते. मागचं बसलं तर शेपूट सुटते, आणि ते जास्त धोक्याचं. हे गणित स्ट्रटला जवळपास एकास एक लागू पडतं. मागे शॉकअप आर्मवर (चाकाला गाडीशी जोडणारी दांडी) आतल्या बाजूला असेल तर तो चाकापेक्षा कमी हलतो: गुणोत्तर 0.7 असेल तर चाकाचे 30 मिमी म्हणजे शॉकअपचे 21.

आता कडकपणा. लोअरिंग स्प्रिंगा बहुधा 15 ते 30 टक्के कडक असतात, कारण कमी जागेत तेवढंच वजन थांबवायचं असतं. शॉकअपला लागणारं डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगेचे हेलकावे आवरण्याची ताकद, मात्र कडकपणाच्या वर्गमुळानं वाढतं. स्प्रिंग 20 टक्के कडक झाली तर डॅम्पिंग साधारण 10 टक्के जास्त हवं, आणि चांगल्या स्थितीतला कंपनीचा शॉकअप तेवढं सांभाळून घेतो. 40 टक्क्यांना तो कमी पडतो, आणि गाडी उंचवट्यावरून उतरल्यावर दोन-तीनदा डुलते. थकलेल्या शॉकअपवर नव्या स्प्रिंगा घालणं म्हणजे पैसे वाया घालवणं. शॉकअप जुने असतील तर ते सोबतच बदला. नाहीतर तेच काम दुसऱ्यांदा करावं लागेल.

गाडी खाली आली म्हणजे वळणात कमी झुकणारच, असं समजू नका. स्ट्रट असलेल्या गाडीत लोअर आर्म चाकाकडे थोडा उतरता असतो. गाडी खाली बसली की तो आडवा होतो, कधी उलटा चढता होतो. त्यानं रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणात झुकते तो) गुरुत्वमध्य जितका उतरतो त्याहून जास्त उतरतं आणि गाडीला झुकवणारा तरफेचा हात लांबतो. स्प्रिंगेचा जादा कडकपणा बराचसा हीच भरपाई करण्यात खर्च होतो. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: 15 ते 25 मिमी ठीक. त्याच्या पलीकडे जायचं तर आखूड बॉडीचे, जुळवलेले शॉकअप हवेत. रस्ते खराब असतील किंवा गाडी नेहमी भरलेली असेल तर कंपनीचं सस्पेन्शन ठेवा. तक्रार फक्त झुकण्याची असेल तर चांगले टायर, नीट अलाइनमेंट आणि जाड अँटीरोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणं कमी करणारी दांडी) यांनी चाल न गमावता काम होतं.

बसवायचं ठरलं तर आधी चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची लिहून घ्या. एक दिवस आधी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारा. गाडी जॅकवर उचलून जॅक स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर काम नको. ब्रेक होज आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून सोडवा, अँटीरोल बारला जोडणारा लिंक रॉड काढा. नकलचे (चाकाचा हब धरणारा भाग) दोन बोल्ट काढण्याआधी जागेची खूण करा. नकल मोकळा झाला की तारेनं बांधा, ब्रेक होजवर वजन येता कामा नये. वरचे टॉप माउंटचे (स्ट्रट बॉडीला धरणारा वरचा भाग) नट सगळ्यात शेवटी, स्ट्रट हातात धरून.

स्प्रिंग कॉम्प्रेसरचे दोन्ही हुक समोरासमोर लावा आणि आळीपाळीनं थोडं थोडं आवळा. स्प्रिंगेच्या टोकासमोर चेहरा आणू नका. वरच्या सीटवरचा दाब पूर्ण गेला, स्प्रिंग हातानं फिरू लागली, की मगच मधला नट सोडा. रॉड फिरू नये म्हणून तो ॲलन कीनं धरा, पक्कडीनं नाही: रॉडवर एक ओरखडा पडला तरी तो सील कापतो आणि काही आठवड्यांत तेल गळू लागतं. टॉप माउंट, बेअरिंग, सीट, बूट, बंप स्टॉप ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं मांडून ठेवा, फोटो काढा. बंप स्टॉप कापायचा की नाही, किती कापायचा, हे स्प्रिंगेच्या कागदावर असेल तेवढंच करा. नव्या स्प्रिंगेवरची अक्षरं सुलट वाचता आली पाहिजेत, आणि तिचं टोक खालच्या सीटच्या खाचेला टेकलं पाहिजे. नायलॉनचे लॉकनट नवे वापरा, टॉर्क, म्हणजे किती जोरानं आवळायचं ते, वर्कशॉप मॅन्युअलमधला घ्या.

सगळ्यात जास्त चुकतं ते बुशांच्या, म्हणजे आर्मच्या सांध्यातल्या रबरी नळ्यांच्या, बाबतीत. आर्मच्या बुशातलं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. चाक लोंबकळत असताना तो बोल्ट आवळला तर गाडी खाली ठेवताच रबर पिळलं जातं, गाडी 5-10 मिमी उंच राहते आणि बुश लवकर फाटतो. हे बोल्ट आधी नुसते हातानं लावा, चाकांवर वजन आल्यावरच पूर्ण आवळा.

150-200 किमी चालवून स्प्रिंगा बसल्या की अलाइनमेंट करा. कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा कल) साधारण अर्धा ते एक अंश ऋण बाजूला, म्हणजे वरून आत, गेलेला असतो. तो एकट्यानं टायर फारसा खात नाही. टायरची आतली कड खातो तो बिघडलेला टो (वरून पाहताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं). हेडलाइटची उंची पुन्हा लावा, गाडीची उंची मोजणाऱ्या सेन्सरची दांडी असेल तर तिचंही कॅलिब्रेशन करून घ्या. स्टिअरिंग वळवताना टणकन आवाज आला तर स्प्रिंगेचं टोक खाचेत नाही किंवा बेअरिंग तिरकं बसलंय. गाडी उचलल्यावर स्प्रिंग सैल होऊन खुळखुळत असेल तर ती त्या शॉकअपसाठी आखूड आहे. तशी गाडी चालवू नका, स्प्रिंग परत करा.

जुनी स्प्रिंग कापून किंवा तापवून गाडी खाली आणू नका. कापलेलं टोक सीटमध्ये बसत नाही, आणि तापवलेल्या पोलादाचं पाणी उतरतं. कंपनीच्या स्प्रिंगा आणि बंप स्टॉप जपून ठेवा. महिन्याभरानं केबल टायची चाचणी पुन्हा करा. टाय रोज बंप स्टॉपला टेकलेला सापडला तर जुन्या परत घाला.