सनरूफ उघडत नसेल तर आधी आवाज ऐका

इग्निशन चालू करून बटण दाबा आणि छताकडे कान द्या. काहीच आवाज नसेल तर फ्यूज तपासा. जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा बसवा. जास्तीचा घातलात तर वायरिंग जळू शकतं. मोटर फिरतेय पण काच ढिम्म? मग केबल तुटलीय किंवा गिअरचे दात झिजलेत.

काच थोडी सरकून अडत असेल तर बहुधा ट्रॅकमध्ये धूळ बसून ग्रीस चिकट झालेलं असतं. ते कापडाने पूर्ण पुसा, त्यावरच नवं थापू नका. मग सनरूफचं ग्रीस अगदी पातळ लावा.

बॅटरी काढून लावल्यानंतर बिघाड सुरू झाला असेल तर काही उघडूच नका. बऱ्याच गाड्यांत काच बंद करून बटण दाबून धरलं की सेटिंग परत बसतं. नेमकी पद्धत मॅन्युअलमध्ये असते.