सी-१८ कॉलम कसा निवडावा

सी-१८ कॉलम म्हणजे एचपीएलसी यंत्रातली, १८ कार्बनच्या साखळ्या जोडलेल्या सिलिकाच्या कणांनी भरलेली नळी; तिच्यातून जाताना मिश्रणातले घटक वेगळे होतात. तुलनेसाठी १५० × ४.६ मिमी, ५ मायक्रॉन कणांचे दोन-तीन कॉलम घ्या. त्यांतून सोडायचा द्रव: मिथेनॉल आणि पीएच ७ चा २० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट बफर ८०:२०, प्रवाह मिनिटाला १ मिली. मुंबईत एसी बंद पडला की खोलीच ३२ अंशांवर जाते, म्हणून कॉलमचं ओव्हन ४० वर ठेवा. नाहीतर रिटेन्शन टाइम (घटक कॉलममधून बाहेर यायला लागणारा वेळ) सरकत राहील.

युरॅसिल, टोल्युइन, अमिट्रिप्टिलिन यांचं मिश्रण सोडा. युरॅसिल जवळपास थांबतच नाही, त्यावरून डेड टाइम, म्हणजे न अडकणारा घटक बाहेर यायला लागणारा वेळ, कळतो. खरी कसोटी अमिट्रिप्टिलिन या बेसिक (अल्कधर्मी) औषधाची. त्याचं टेलिंग (आलेखातल्या शिखराला मागे किती शेपूट आहे त्याचं माप) २ च्या वर गेलं, तर सिलिकावरचे उघडे सिलॅनॉल (Si-OH गट) त्याला धरून ठेवताहेत. बेसिक औषधांसाठी तो कॉलम नकोच. टोल्युइनलाही शेपूट दिसली, तर आधी ट्यूबिंगची जोडणी तपासा.

शेवटी १० टक्के मिथेनॉलने धुवा, मगच शुद्ध मिथेनॉल. नाहीतर फॉस्फेट आतच साचतं.