टॅरो शिकायला सुरुवात करताना या चुका टाळा

टॅरो म्हणजे ७८ चित्रकार्डे काढून प्रश्नांचा अर्थ लावण्याची पद्धत. ती शिकू पाहणारे बहुतेकजण पहिल्याच दिवशी सगळ्या कार्डांच्या अर्थांची यादी पाठ करायला बसतात, आणि दोन-चार प्रयत्नांत अर्थ एकमेकांशी जुळेनासे झाले की डेक, म्हणजे कार्डांचा संच, कपाटात जातो. माझ्या मते नवशिक्यांच्या पुष्कळशा अडचणींचे मूळ इथेच आहे. कार्डावर चित्र असते आणि ते नीट पाहिलेच जात नाही.

लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशन संस्थेने १९०९ मध्ये जो संच काढला, तो आज सर्वाधिक वापरला जातो. त्याची आखणी आर्थर एडवर्ड वेट यांची असली, तरी चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची आहेत. त्याआधीच्या बहुतेक संचांत, उदाहरणार्थ मार्सेय या जुन्या फ्रेंच पद्धतीच्या डेकमध्ये, कप्सच्या (पेल्यांच्या गटातील) पंज्यावर फक्त पाच पेले दिसत. स्मिथ यांनी मात्र अंकाच्या बहुतेक कार्डांवर माणसांचा एकेक प्रसंग रेखाटला. त्यांच्या फाइव्ह ऑफ कप्समध्ये काळा झगा घातलेली व्यक्ती मान खाली घालून उभी आहे, समोर तीन पेले लवंडले आहेत, पाठीमागे दोन पेले उभेच आहेत आणि दूर नदीवर एक पूल दिसतो. यादीत या कार्डासमोर ‘दुःख, नुकसान’ एवढेच असते. चित्र पाहणाऱ्याला मात्र हेही दिसते की त्या व्यक्तीची पाठ शिल्लक राहिलेल्या पेल्यांकडे आहे, आणि प्रश्न विचारणाऱ्याशी बोलण्यासारखे जे काही आहे ते नेमके तिथे आहे. म्हणून रोज एकच कार्ड काढावे, पुस्तक न उघडता चित्रात काय घडते आहे ते चार-पाच वाक्यांत लिहावे आणि त्यानंतरच छापील अर्थ वाचावा.

यावरूनच खरेदीचीही चूक कळते. केवळ देखणा म्हणून मार्सेय पद्धतीचा डेक घेतला आणि पुस्तक रायडर-वेट संचाचे, म्हणजे वर सांगितलेल्या १९०९ च्या संचाचे असले, तर पुस्तकातले प्रसंग कार्डांवर सापडत नाहीत. क्रमांकही जुळत नाहीत, कारण वेट यांनी ‘स्ट्रेंग्थ’ आठव्या आणि ‘जस्टिस’ अकराव्या स्थानी नेले, तर मार्सेयमध्ये हा क्रम उलट आहे. डेक आणल्यावर २२ मेजर (‘स्ट्रेंग्थ’, ‘जस्टिस’सारखी स्वतंत्र नावांची) व ५६ मायनर (कप्ससारख्या चार गटांतली) कार्डे आहेत ना, हे मोजून घ्यावे आणि प्रकाशकाची जादा माहितीची कार्डे बाजूला काढावीत. पहिला डेक भेट म्हणूनच मिळायला हवा, या समजुतीपायी थांबून राहण्याचे काहीच कारण नाही.

नव्या डेकमधून सलग मेजर कार्डेच निघू लागली की शिकणारे घाबरतात. कारण साधे असते: संच क्रमाने लावून बंद केलेला असतो आणि पिसणे अपुरे पडलेले असते. सगळी कार्डे पालथी घालून टेबलावर पसरावीत, दोन्ही हातांनी काही मिनिटे फिरवून पुन्हा गोळा करावीत. मुंबई-कोकणात पावसाळ्यात कार्डे दमट होऊन एकमेकांना चिकटतात आणि दोन-दोन निघतात; त्यात संकेत न शोधता डेक कोरड्या जागी ठेवावा.

‘डेथ’, ‘टॉवर’ किंवा ‘डेव्हिल’ निघाल्यावर वाचन तिथेच थांबवणे ही तर फार मोठी चूक आहे. दहा कार्डांच्या मांडणीत ‘डेथ’ येण्याची शक्यता सुमारे आठात एक असते, म्हणजे नियमित सराव करणाऱ्याला ते वारंवार भेटणारच. त्या कार्डावर राजा कोसळलेला आहे, तरुणी तोंड फिरवते आहे, लहान मूल मात्र घोडेस्वाराकडे पाहते आहे, आणि क्षितिजावर दोन बुरुजांमध्ये सूर्य आहे. एखादी गोष्ट संपताना कोण कसे वागतो याचे हे चित्र आहे. त्यावरून कुणाच्या मृत्यूविषयी बोलणे निराधार आणि क्रूर आहे.

आपल्याकडे पत्रिका दाखवण्याची सवय असल्यामुळे टॅरोलाही तेच प्रश्न विचारले जातात: लग्न कधी होईल, बदली होईल का. टॅरोमध्ये दशा नाहीत, गोचर नाही, त्यामुळे ‘कधी’चे उत्तर कार्डांतून ओढून काढावे लागते. ‘ही नोकरी मिळेल का’ याऐवजी ‘मुलाखतीच्या तयारीत माझे कशाकडे दुर्लक्ष होते आहे’ असे विचारले, तर एट ऑफ पेंटॅकल्समधला बाकावर बसून एकेक नाणे घडवणारा कारागीर लगेच बोलू लागतो. उत्तर आवडले नाही म्हणून त्याच दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारू नये. आधीचे वाचन वहीत लिहून ठेवावे आणि परिस्थिती खरोखर बदलल्यावरच पुन्हा कार्डे काढावीत.

सुरुवातीलाच दहा कार्डांचा सेल्टिक क्रॉस मांडू नये. तीन कार्डे पुरतात, आणि त्यांतील माणसे एकमेकांकडे पाहतात की पाठ फिरवतात हेही त्यांत सहज दिसते. चित्र डोक्यावर उलटे येणाऱ्या कार्डांचा वेगळा अर्थ लावायचा की नाही, हे पिसण्यापूर्वीच ठरवावे. न लावण्याचे ठरवले, तर सगळी कार्डे एकाच दिशेने लावून घ्यावीत. सुलट अर्थ अंगवळणी पडेपर्यंत मी तरी हाच मार्ग सुचवेन.

दुसऱ्यांसाठी वाचन करण्याची घाईही टाळावी. आजार, गर्भधारणा, कोर्टातील खटला किंवा गुंतवणूक या विषयांवर कार्डांवरून काहीही सांगू नये. डॉक्टर, वकील किंवा आर्थिक सल्लागाराकडे जाण्यास सांगावे. ‘माझ्या नवऱ्याच्या मनात काय आहे’ असे कोणी विचारले, तर समोर नसलेल्या माणसाच्या मनाविषयी तर्क न करता, ‘या नात्यात तुम्हाला स्वतःला काय बोलायचे राहून गेले आहे’ असा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा आणि त्यांची संमती असेल तरच कार्ड उलगडावे.